उंदराचं भलं झालं

जगात सगळ्यात जास्त काळजी कोणाच्या लिव्हरची घेतली जात असेल, तर प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या. हळद म्हणा, आवळा म्हणा, भुईआवळी म्हणा, हिरवा चहा म्हणा. या सगळ्यांनी उंदराचं लिव्हर वाचवल्याचे शोधनिबंध आहेत. आता त्या रांगेत शिंपल्यांचा अर्क येऊन उभा आहे. कालवं, शिनाणे, तिसऱ्यांचे परदेशी भाऊबंद यांचं मांस वाटायचं, एन्झाइम घालून फोडायचं, गाळायचं, वाळवायचं आणि उंदराला पाजायचं. उंदराच्या रक्तातलं एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम खाली येतं. शास्त्रज्ञ निबंध लिहितात. मग मथळा येतो: ‘शिंपले ठेवतील यकृत ठणठणीत’. मथळ्यात उंदीर नसतो. तो पाचव्या परिच्छेदात असतो, आणि तिथपर्यंत आपल्याकडे फक्त मुद्रितशोधक पोचतो.

प्रयोग कसा असतो, ते बघण्यासारखं आहे. उंदरांचे गट पाडतात. पहिल्या गटाला काहीच नाही, त्याची चैन. दुसऱ्याला कार्बन टेट्राक्लोराइड. तिसऱ्याला आधी काही दिवस शिंपल्यांचा अर्क आणि नंतर तेच कार्बन टेट्राक्लोराइड. चौथ्याला तुलनेसाठी सिलिमरिन, म्हणजे लिव्हरच्या निम्म्या गोळ्यांत असतं ते. मग रक्त तपासतात, उंदीर मारतात आणि लिव्हरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तिसऱ्या गटाचे काप दुसऱ्यापेक्षा बरे दिसतात. संरक्षक परिणाम सिद्ध. उंदराचं लिव्हर वाचलं, उंदीर वाचला नाही, पण तो वेगळ्या निबंधाचा विषय.

यात खोटं काही नाही. शिंपल्यांच्या मांसात टॉरिन भरपूर असतं, पेशींची झीज रोखणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, जस्त असतं. परिणाम दिसतो तो खराच. फक्त संरक्षण कशापासून, हे विचारायचं राहून जातं. कार्बन टेट्राक्लोराइड हे एके काळी कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगसाठी आणि आग विझवायच्या नळकांड्यांत वापरायचं रसायन. लिव्हरची इतकी नासाडी करतं की त्या कामांतून त्याला हद्दपार करावं लागलं. तेव्हा निष्कर्ष असा: आपण उंदीर असाल, ड्राय क्लीनिंगचं पाणी प्यायचा आपला बेत असेल आणि तो बेत आठवडाभर आधी ठरला असेल, तर शिंपल्यांचा अर्क अवश्य घ्यावा.

काही ठिकाणी रसायनाऐवजी दारू पाजतात, काही ठिकाणी पॅरासिटामॉलचा मारा करतात. तिथेही अर्क बहुधा आधीच दिलेला असतो. आपलं उलटं. आपल्याला अर्क आठवतो तो सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडल्यावर. त्यावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा, रोज चाला. आपण म्हणतो, ते ठीक आहे हो, पण काही घ्यायला द्या ना.

त्या ‘घ्यायला द्या’वर अख्खा बाजार उभा आहे.

या बाजाराची राजधानी बघायची तर तैवानला जावं. तिथे गोड्या पाण्यातल्या छोट्या शिंपल्यांचा काढा बाटल्यांतून विकतात आणि तो लिव्हरसाठी घेतात. तैवानी माणूस मोठा हिशेबी. त्यांनी १९९९ मध्ये आरोग्य-अन्नासाठी कायदाच केला आणि कुठले दावे करता येतील ते ठरवून दिलं. लिव्हरचं रक्षण हा त्यातला एक अधिकृत दावा. तो सिद्ध करायचा प्राण्यांवर, रसायनाने लिव्हर बिघडवून. मान्यता मिळाली की लेबलवर लिहावं लागतं, की प्राण्यांवरच्या प्रयोगांनुसार हे घेतल्याने रक्तातली अमुक एन्झाइमं कमी होण्यास मदत होते. इतकं प्रामाणिक लेबल जगात विरळा. उंदीर थेट बाटलीवर! तरी घेणारा घेतोच. लेबल वाचून माणूस शहाणा झाला असता, तर सिगारेटची पाकिटं केव्हाच रद्दीत गेली असती.

गंमत अशी की लिव्हर वाचवण्याचा खराखुरा पराक्रमही याच तैवानने केला. त्या बेटावर हिपॅटायटिस बी घरोघर होता आणि त्यापाठोपाठ लिव्हरचा कर्करोग. १९८४ मध्ये तैवानने नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. देशपातळीवर असं करणारा तो पहिलाच. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कर्करोग कमी झाल्याचं दिसलं. मुलांमधला, उंदरांमधला नव्हे. लसीची बाटली मात्र दिवाळीच्या भेटीसारखी रंगीत खोक्यात घालून कोणी कोणाला देत नाही.

शिंपल्यांची कीर्ती तशी जुनी. सोळाव्या शतकात ली शिचेन या चिनी वैद्याने औषधांचा महाग्रंथ सिद्ध केला. त्यात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या गुणांत दारूचं विष आणि डोळ्यांचा पिवळेपणा घालवणं हेही आहे. जपानी लोकांनी त्यावर मिसो सूप उकळलं. शिजिमी नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्या, त्यांचं सूप, आणि ते प्यायचं कधी? रात्री ढोसून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. शिमानेतलं शिंजी सरोवर आणि आओमोरीतलं जुसान सरोवर ही या शिजिमीची माहेरघरं. गरम, खारट, पातळ सूप उतरत्या नशेत बरं वाटणारच. आपल्याकडे ते काम लिंबूपाणी करतं. 

मग शास्त्र आलं आणि त्याने शिजिमीतलं ऑर्निथिन शोधलं. हे अमिनो आम्ल खरोखरच लिव्हरच्या कामाचं. शरीरातल्या विषारी अमोनियाचा युरिया करून बाहेर टाकायच्या चक्रात ते असतं. लिव्हर थकून अमोनिया मेंदूपर्यंत चढला, की डॉक्टर ऑर्निथिन आणि अ‍ॅस्पार्टेटचं जोडऔषध देतात. आपल्याकडच्या दवाखान्यांतही ते सर्रास वापरतात. झालं, जाहिरातीला धागा मिळाला. एका गोळीत अमुक इतक्या शिजिमींचं बळ!

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. हे औषध तोंडाने दिलं तर दिवसाला ९ ते १८ ग्रॅम लागतं. त्यातलं निम्मं ऑर्निथिन. म्हणजे कमीत कमी साडेचार ग्रॅम. १०० ग्रॅम शिजिमीत ऑर्निथिन असतं १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे औषधाच्या सगळ्यात छोट्या मात्रेसाठी दिवसाला निदान ३० किलो मांस. शिंपी सोडून. आओमोरीतल्या संशोधकांनी दाखवलं, की शिजिमी ठरावीक थंडीत गोठवल्या तर ऑर्निथिन आठपटीपर्यंत वाढतं. उत्तम. मग पावणेचार किलो. रोज. एवढ्या शिंपल्या सोलत बसलेल्या माणसाला दारू प्यायला वेळच मिळणार नाही. हाच काय तो संरक्षक परिणाम.

दुसरं अंग लोहाचं. शिजिमीत लोह दणकून असतं, १०० ग्रॅममागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास. रक्त कमी असलेल्याला हे ठीक. पण हिपॅटायटिस सीच्या जुन्या रुग्णाच्या लिव्हरमध्ये लोह साठून दाह वाढतो. म्हणून जपानी डॉक्टर अशा रुग्णांना लोह कमी खा म्हणून बजावायचे, काहींचं तर रक्त काढून लोह कमी करायचे. आणि तोच रुग्ण घरी येऊन लिव्हरसाठी म्हणून शिजिमीच्या गोळ्या गिळणार! डॉक्टर एका हाताने लोह काढतोय, पेशंट दोन्ही हातांनी भरतोय. रोग रेड्याला, औषध पखालीला ही म्हण आपल्याकडची असली, तरी तिला पासपोर्ट लागत नाही.

शिंपल्यांच्या पाण्याचं सोनं कसं करावं, हेही जपान्यांकडूनच शिकावं. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लिव्हरमध्ये ग्लायकोजेन शोधलं. लिव्हर साखर साठवतं ती या रूपात. कालवांतही ते भरपूर. १९१९ मध्ये रिइची एझाकी नावाच्या गृहस्थांनी बघितलं, की कोळी कालवं उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. त्यांनी त्या पाण्यातून ग्लायकोजेन काढलं, आणि ते काय केलं? कॅरामेलच्या गोळीत घातलं. १९२२ मध्ये ‘ग्लिको’ बाजारात आली. एक गोळी खा आणि तीनशे मीटर पळा, अशी जाहिरात. पुढे ओसाकाच्या दोतोंबोरीत हात वर केलेल्या धावपटूची भली मोठी पाटी लागली. पर्यटक आजही तिच्यासमोर फोटो काढतात. मला हा माणूस आवडतो. कालवांचं पाणी त्याने निदान चॉकलेटवाल्यांच्या फळीवर नेऊन ठेवलं, औषधांच्या नाही. आणि धावायला सांगितलं. लिव्हरसाठी त्या जाहिरातीतला तेवढाच भाग आजही बरोबर आहे.

आता शिंपले आणि लिव्हर यांच्या नात्यातली सगळ्यात गाजलेली घटना सांगतो. ती अर्काच्या डबीवर छापत नाहीत.

जानेवारी १९८८. शहर शांघाय. तिथे केसाळ शिंपल्यांवर उकळतं पाणी ओतून, अर्ध्याकच्च्या खायची आवड. त्या वर्षी शेजारच्या चितोंगच्या किनाऱ्यावरून शिंपल्यांचा मोठा साठा आला. समुद्राच्या त्या भागात सांडपाणी मिसळलं होतं. थोड्याच दिवसांत शहरात कावीळ पसरली. हिपॅटायटिस ए. दोन-तीन महिन्यांत सुमारे ३ लाख माणसं आजारी. दवाखाने पुरेनात. त्यानंतर शांघायमध्ये त्या शिंपल्यांच्या विक्रीवर बंदी आली. लिव्हरवर शिंपल्यांचा परिणाम मोजायचा सगळ्यात मोठा मानवी प्रयोग हा असा झाला. कोणी परवानगी घेतली नाही, तुलनेचा गट नेमला नाही, आणि निकाल अर्काच्या बाजूने लागला नाही.

यात शिंपल्याचा दोष नाही. पाणी गाळून पोट भरणं हा त्याचा धंदा. एक मोठं कालव दिवसाला शंभरावर लिटर पाणी गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. शेवाळ असेल तर शेवाळ, गटार असेल तर गटार. आपण खाडीत सोडायचं ते सोडतो, आणि नंतर त्याच खाडीतल्या जिवाकडून लिव्हरचं रक्षण मागतो. याला म्हणतात आत्मविश्वास.

त्यातही लिव्हर आधीच बिघडलेल्या माणसाला डॉक्टर शिंपल्यांबद्दल पहिली सूचना कुठली देतात? कच्ची कालवं खाऊ नका. उबदार समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. खाण्यातून गेला तर धडधाकट माणसाचं तो बहुधा फक्त पोट बिघडवतो, पण सिरोसिसच्या रुग्णाच्या रक्तात शिरला तर बघता बघता जीव घेतो. त्याला लोह आवडतं, आणि बिघडलेल्या लिव्हरच्या रुग्णाच्या रक्तात ते मोकाट असतं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या कच्च्या कालवांनी असे बळी घेतले, म्हणून कॅलिफोर्नियाने २००३ पासून तिथली प्रक्रिया न केलेली कालवं उन्हाळ्यात विकायला मनाई केली. म्हणजे ज्याला अर्क खपवायचा, त्यालाच मूळ पदार्थापासून दूर ठेवायचं. विक्रीकलेत हे बसत नाही, वैद्यकात बसतं.

अर्क तर शुद्ध असतो ना? असतो. पण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९८० मध्येच हिरव्या ओठांच्या शिनाण्यांचा अर्क सांधेदुखीसाठी घेणाऱ्या रुग्णाच्या लिव्हरला सूज आल्याचं नोंदवलं आहे. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, मान्य. उंदरांवरूनही होत नाही, एवढं तुम्ही मान्य करा. याच शिनाण्यांच्या तेलाने १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये कहर केला. काचेच्या नळीतल्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, अशी बातमी फुटली, विक्री वाजतगाजत सुरू झाली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. पुढे विकणाऱ्यांना कोर्टात दंड झाला. ज्यांनी कर्करोग बरा होण्याच्या आशेने विकत घेतलं, त्यांना काय मिळालं? तेल.

आपल्याकडचं काय? कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही शिनाण्यांचा अर्क काढला आहे. गोव्यात ज्यांना शिनाणयो म्हणतात, त्याच हिरव्या कवचाच्या. पण तो सांधेदुखीसाठी. फॅटी लिव्हरसाठी काही करायचं ठरलं, तेव्हा या संस्थेने कॅप्सूलमध्ये भरलं समुद्री शेवाळ. शिंपल्यांना आयुष्यभर जवळून ओळखणाऱ्या माणसांनी लिव्हरच्या कामाला शिंपल्याला बोलावलं नाही, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

तरी दुकानात ‘लिव्हर सपोर्ट’च्या डब्यांची रांग असतेच. डबा उलटा करून बघा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरक पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. पुढच्या बाजूला लिव्हरचं गुलाबी, चकचकीत चित्र. मागच्या बाजूला, मुंगीने चष्मा लावून वाचावं अशा अक्षरांत, हे औषध नव्हे. दोन्ही बाजू एकाच डब्याच्या. आपण पैसे पुढच्या बाजूचे देतो.

नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही, हे आपलं लाडकं वाक्य. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. वाद काय व्हायचा तो झाला. पण लिव्हरला आयुर्वेद, अ‍ॅलोपथी आणि जपानी सूप यांतला फरक कळत नाही. तोंडातून जे आत येतं ते सगळं त्याच्याच टेबलावर येतं, आणि प्रत्येक नवी गोळी म्हणजे त्याला एक जादा फाइल. ज्याच्यावर कामाचा ढीग आहे त्याला मदत म्हणून आणखी काम द्यायचं, ही पद्धत आपण सरकारी कचेरीतून घरात आणली आहे.

आता नुसती टवाळी करून गेलो असं नको, म्हणून खरी यादी देतो. तिला चव नाही, डबा नाही, सवलत नाही.

आपल्या सरकारच्याच सांगण्यानुसार देशातल्या ९ ते ३२ टक्के लोकांना दारूशी संबंध नसलेला फॅटी लिव्हर आहे. २०२१ मध्ये तो असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे वजन ७ ते १० टक्के उतरवणं. नव्वद किलोंचे असाल तर सव्वासहा ते नऊ किलो. हिपॅटायटिस बीची लस २०११ पर्यंत देशभरच्या लसीकरणात आली. तिचा पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत द्यायचा असतो, आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट आहे. हिपॅटायटिस सी तर आता बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती तपासणी आणि ते उपचारही फुकट आहेत. दारूबद्दल मी काही सांगत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तर तुम्ही अर्क शोधताय.

या यादीतली एकही गोष्ट उंदरासाठी नाही. सगळ्या माणसांवर तपासलेल्या. जाहिरात मात्र एकीचीही नाही, कारण चालण्यावर कमिशन मिळत नाही आणि फुकट लसीत दुकानदाराचा वाटा नाही.

राहिल्या तिसऱ्या. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून, कंबर मोडेपर्यंत वाकून कोकणातल्या बायका त्या काढतात, टोपलीत घेऊन बाजारात बसतात आणि एकही आरोग्यदायी दावा न करता विकतात. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस न करता घ्या. खाडीत गटार सोडणाऱ्यांना जाब विचारा. घरी नीट धुवा, आणि शिंपी उघडली म्हणजे शिजली असं समजू नका. उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटं खळखळ उकळू द्या. मग सुकं करा, एकशिपी करा, जेवताना बोटं चाटा. तिसऱ्या चवीसाठी खाव्यात. लिव्हरसाठी जिने चढावेत, बाटली ठेवून द्यावी आणि घरात कोणाची हिपॅटायटिसची तपासणी राहिली असेल तर ती या आठवड्यात करून घ्यावी. अर्काचे पैसे वाचतील, त्यात तिसऱ्यांचे दोन वाटे जास्त येतील.